केझी आत्यानं मोडलेली दोन हाडं

केझी आत्यानं आयुष्यात दोन माणसांची हाडं मोडली. दोन्ही वेळा हार्क्सबी विद्यापीठाच्या आवारात, आणि दोन्ही वेळा ती पगारावर होती. पहिल्या वेळी त्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं, दुसऱ्या वेळी पोलिसांच्या हवाली केलं. पहिलं हाड माझ्या बापाचं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचं. दुसरं सर ऑब्री फेनविक यांचं. त्यांच्या नावाची काचेची इमारत स्टेशनाबाहेर पडलं की समोर टेकडीवर दिसते.

मी फ्लॉरी रॅम्सडेन, तिची भाची. विद्यापीठानं आपल्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काढलंय. कुठल्या खिडकीची काच कुणी दिली, कुठल्या कुलगुरूला कुठला आजार होता, सगळं त्यात आहे. केझी आत्या मात्र एका ओळीत उरकली आहे: 'एक धाडसी सफाई कामगार स्त्री.' नाव नाही, गाव नाही. ती ओळ वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, म्हणून हे लिहायला बसले.

टेकडीवर आधी काहीच नव्हतं. रविवारी तिथे कोंबड्यांच्या झुंजी लागत, आणि झुंजी संपल्या की चामडं कमावणारे आणि गिरणीवाले एकमेकांची डोकी फोडत. मग शहरातल्या बड्या लोकांना वाटायला लागलं की शेजारच्या प्रत्येक शहरात कॉलेज झालंय, आपलंच नाक कापलं जातंय. झालं. दर शनिवारी प्रत्येक कारखान्यात वर्गणीसाठी टोपी फिरू लागली. लोक पैसे टाकायचे, हसत टाकायचे. आमची पोरं जातील तिथे, असं म्हणत टाकायचे. माती हार्क्सबीची, भट्ट्या हार्क्सबीच्या, विटा लालभडक. दर्शनी भिंतीवर मात्र नावं कोरली ती मालकांची.

माझे आजोबा त्या कॉलेजच्या मनोऱ्यावर खांद्यावरून विटा चढवायचे. मनोरा निम्म्यावर आला असताना परांचीची फळी मोडली. विटा वर राहिल्या आणि आजोबा खाली आले. दुपारी महापौर काम बघायला येणार होते, म्हणून मुकादमानं आधी फरशी धुवून घेतली आणि मग आजीला निरोप धाडला. भरपाई काय, तर पोरीला कॉलेजात फरशी पुसायचं काम. केझी आत्या तेव्हा चौदा वर्षांची होती. जिथे बाप पडला तीच फरशी ती गुडघ्यावर बसून घासू लागली.

आजीनं त्यानंतर बाटली जवळ केली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. माझा बाप, ईनॉक, तेव्हा लहान होता. त्याला वाढवलं ते केझीनं. त्याच्यासाठी भाकरी तीच आणायची, आणि त्याला कुणी मारलं तर मारणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला हाणायचीही तीच. आमची गल्ली टॅनर रो, तिथल्या बायका सांगायच्या की एकदा तिनं एका खाटकाच्या पोराला त्याच्याच दुकानाच्या आकड्याला शर्टानं टांगून ठेवलं होतं. ईनॉकच्या अंगाला कुणी बोट लावलेलं तिला खपत नसे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पहिल्या महायुद्धात कॉलेजचं इस्पितळ झालं. ग्रेट हॉलमधली बाकं उचलून खाटा टाकल्या. रंगीत काचांच्या खिडक्यांतून ऊन यायचं ते कापलेल्या पायांवर पडायचं. नर्स कमी पडायच्या आणि केझी आत्याचे खांदे बैलासारखे, त्यामुळे बादली खाली ठेवून तिला माणसं धरायला उभं केलं. डॉक्टर करवत चालवायचे आणि ही धरून ठेवायची. एका सार्जंटनं तिला शिकवलं की पिसाळलेला माणूस ताकदीनं आवरत नाही, त्याचं मनगट एका हातात घ्यायचं, कोपर उलटं कशावर तरी टेकवायचं आणि आपलं वजन टाकायचं. एका जखमी पोरानं झोपेत तिच्या कानाची पाळी दातांनी तोडली. तिनं मोकळ्या हातानं त्याच्या कपाळावर थोपटलं, असं म्हणतात. तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो फ्रान्सच्या चिखलातच राहिला. त्यानंतर तिनं लग्नाचा विषय काढू दिला नाही.

ईनॉक जिवंत परत आला. ट्रामवर चालक लागला. त्याचा वाहक जेबेझ मोल्ड, शेजारच्याच घरातला. आमची नि त्यांची भिंत एक, मोरी एक आणि भांडणंही एकच. ती दोघं एकमेकांशिवाय चहा प्यायची नाहीत. माझी आई म्हणायची, "तुझ्या बापाचं लग्न जेबेझशी झालंय, मी नुसती स्वयंपाकीण."

मग सव्वीस सालचा संप आला. खाण कामगारांच्या बाजूनं सगळा देश थांबला. ट्रामसुद्धा. आणि ज्या कॉलेजसाठी आमच्या लोकांनी टोप्या फिरवल्या होत्या, त्या कॉलेजची पोरं हौसेनं पुढे आली ट्राम चालवायला. अर्धी विजार, गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा मफलर, खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या. थांब्याथांब्यावर त्यांच्या बहिणी त्यांना कॉफी पाजायच्या. सहलच होती ती त्यांची. इकडे आमच्या घरात भिजवलेले वाटाणे आणि पाणी.

ऑब्री फेनविक हा त्यातलाच. लोखंडाच्या कारखानदाराचा मुलगा, विशीतला. त्याच्या वाट्याला आली माझ्या बापाचीच ट्राम.

गॅसवर्क्सच्या उतारावर संपकऱ्यांची गर्दी होती. ट्राम वरून येताना दिसली तसा जेबेझ रुळांवर उतरला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर फुली मारली. ट्रामवाल्यांत ती खूण म्हणजे ब्रेक लाव. खूण बघितली की चालक कोण, कुठला हे बघायचं नसतं, हात आपोआप ब्रेकच्या चाकावर जातो. जेबेझनं हजारदा ती खूण केली असेल आणि हजारदा ट्राम थांबली असेल. समोरच्याला ती खूण शिकवलेलीच नाही हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो बाजूला झाला नाही. फेनविकला वाटलं हा विदूषक हातवारे करून चिडवतोय. त्यानं टोपी काढली आणि हसत हलवली.

मी काही तपशील देणार नाही. एवढंच सांगते की जेबेझला उचलायला दोन फळ्या लागल्या आणि त्यातली एक ट्रामखालून ओढावी लागली.

ट्राम उताराच्या तळाशी कशीबशी थांबली. फेनविकनं उडी मारली आणि तो पळत सुटला तो थेट टेकडीवर, कॉलेजकडे. मागून सगळी गर्दी. माझा बाप सगळ्यांत पुढे. ट्राममध्ये रूळ बदलायची लोखंडी पहार असते, ती त्यानं जाता जाता उचलली होती. कॉलेजच्या फाटकावरच्या रखवालदारांनी फेनविकला आत घेतलं, कुलूप घातलं आणि स्वतः मागच्या भिंतीवरून पसार झाले. लोकांनी फाटक बिजागरीसकट उपटलं. दर्शनी खिडक्या एकजात फुटल्या. एका प्राध्यापकाला जिन्यावरून खाली लोटलं, त्याच्या चष्म्याची काच त्याच्याच गालात घुसली. त्याचा बिचाऱ्याचा ट्रामशी काही संबंध नव्हता, तो ग्रीक शिकवायचा.

केझी आत्या मनोऱ्याच्या पायथ्याशी फरशी घासत होती. फेनविक धापा टाकत तिच्यासमोर आला. तिनं त्याला बॉयलरच्या तळघरात ढकललं आणि दार ओढून त्याला पाठ लावून उभी राहिली. दारापर्यंतची बोळ अरुंद होती. एका वेळी एकच माणूस येऊ शकत होता. मी तिथे नव्हते, शाळेत होते. पण पुढचं बोलणं मी टॅनर रोवर इतक्या तोंडांतून ऐकलंय की अक्षर न् अक्षर पाठ आहे.

बाप म्हणाला, "सरका सगळे. माझी बहीण आहे, माझं ऐकेल." आणि बोळीत शिरला.

"केझी, दार सोड."

"घरी जा, ईनॉक."

"जेबेझ मेला. तिकडे तुकडे गोळा करताहेत त्याचे. कळतंय का तुला?"

"कळतंय. घरी जा."

"आत आहे ना तो?"

"आहे."

"मग काढ त्याला बाहेर! कुणाची आहेस गं तू? त्यांची का आमची?"

"फरशी ओली आहे," ती म्हणाली. "पडशील. जा मागे."

मागून कुणीतरी ओरडलं, "कॉलेजचं उष्टं खाऊन माजलीय ती! हाण तिला!"

बापानं पहार उचलली. तिला मारायला की दारावर घालायला, यावर गल्लीत दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्ष त्यावरून एकमेकांच्या अंगावर जायचे. पहार लागली मात्र तिच्या गळ्याजवळच्या, खांद्याकडच्या हाडावर. ते हाड मोडल्याचं तिला नंतर कळलं. तिनं त्याचं मनगट पकडलं, कोपर चौकटीच्या कडेवर उलटं टेकवलं आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. मोडल्याचा आवाज बोळीबाहेरच्या माणसांनाही ऐकू गेला. बाप किंचाळला नाही. तो खाली बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, "आता जाशील ना घरी?"

तेवढ्यात घोड्यांवरचे पोलीस आले आणि त्यांनी दंडुके चालवले. बायकांवर, म्हाताऱ्यांवर, दिसेल त्याच्यावर. आवारातली हिरवळ तुडवून तिचा चिखल झाला आणि त्या चिखलात दात सापडत होते म्हणे. फेनविकला तळघरातून बाहेर काढलं तेव्हा तो कोळशानं काळा झाला होता आणि त्याची विजार ओली होती. तो केझी आत्याचा हात धरून रडला. "मी हे जन्मात विसरणार नाही," म्हणाला. "तुझ्या भावाला काही होऊ देणार नाही."

कोर्टात काय झालं ऐका. जेबेझ स्वतःहून ट्रामपुढे आला, अपघाती मृत्यू, संपलं. माझ्या बापावर दंगलीचा खटला. त्यानं सांगितलं, "पोराच्या दोन कानाखाली वाजवायच्या होत्या, बाकी काही नाही." केझी आत्यानं शपथेवर सांगितलं, "अंधार होता, कोण होतं मला दिसलं नाही." न्यायाधीश हसला. मग फेनविक उभा राहिला, स्वच्छ कॉलर, भांग पाडलेला, आणि त्यानं बोट दाखवलं. "हाच तो. याच्याच हातात पहार होती." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. बापाला सक्तमजुरी झाली. तुरुंगातल्या डॉक्टरनं हात वाकडाच जुळवला. सुटून आला तेव्हा ट्राम कंपनीनं बाकीचे संपकरी परत घेतले होते. याचा हात ब्रेकच्या चाकापर्यंत पोचत नव्हता. तो चामड्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी झाला आणि शेवटपर्यंत तेच राहिला.

कॉलेजनं केझी आत्याला समारंभ करून घड्याळ दिलं. गल्लीनं तिला वाळीत टाकलं.

बाहेरच्यांना वाटतं वाळीत टाकणं म्हणजे काय, न बोलणंच ना? आमच्याकडे ते असं नसतं. टॅनर रोमध्ये माणूस मेलेला धरतात. दुकानात ती गेली की दुकानदारीण तिच्या बोटाकडे बघून वस्तू ठेवायची, तोंडाकडे नाही. चॅपलमध्ये प्रार्थनेला ती बसली की बाक रिकामं व्हायचं. उंबरा घासून पांढरा केला की तासाभरात त्यावर घाण. जेबेझ गेला त्या दिवशी दरवर्षी तिच्या खिडकीतून दगड यायचा. ती काच बदलायची. एकदा दगडाऐवजी मेलेलं मांजर आलं, तिनं ते मागच्या अंगणात पुरलं. घर सोडून जा, असं कॉलेजची बायामाणसं सांगायची. ती म्हणायची, "मी का जाऊ? जायचं तर त्यांनी जावं."

मी मोठी झाल्यावर कॉलेजच्याच स्वयंपाकघरात लागले. गल्लीत मी तिच्याशी बोलत नव्हते, कॉलेजच्या फाटकाच्या आत बोलायचे. गल्लीचा कायदा फाटकापर्यंतच, असं मी आणि तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. घरी बापाला माहीत होतं. तो विचारायचा नाही आणि मी सांगायची नाही.

एकदा मी तिला विचारलंच. "आत्या, त्या फेनविकला कशाला वाचवलंस गं?"

"त्याला?" ती खरंच चकित झाली. "त्याच्या जागी कुत्रं असतं तर वाईट वाटलं असतं मला."

"मग?"

"मग काय? बटाटे सोल. शंभर तोंडं बसतील आत्ता."

पण दर रविवारी चॅपल सुटलं की ती दारात थांबायची. बाप बाहेर आला की म्हणायची, "कसा आहेस, ईनॉक?" मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाप टोपी डोळ्यांवर ओढून पुढे जायचा. दर रविवारी. बर्फ असो, ताप असो. गल्लीनं बोलावं असं तिला कधीच वाटलं नाही, गल्लीला ती भीक घालत नव्हती. त्या एका माणसानं एक शब्द बोलावा, यासाठी ती तिथे राहत होती. कॉलेजात आली की मी तिचा चेहरा बघायचे. सोमवारी तो नेहमी जरा सुजलेला असायचा.

दुसऱ्या युद्धात जर्मनांनी एका रात्रीत रसायनशास्त्राची इमारत पेटवली आणि जाता जाता टॅनर रोवरही एक बॉम्ब टाकला. जेबेझच्या विधवेचं घर बसलं. केझी आत्यानं उघड्या हातांनी विटा उपसल्या, नखं निघाली, आणि त्या बाईला केसांना धरून बाहेर ओढलं. बाईनं तोंडातली माती थुंकली, केझीला ओळखलं, आणि तोंड मिटून घेतलं. आभार नाही, शिवीसुद्धा नाही. बाप शेजारीच उभा राहून विटा उचलत होता, वाकड्या हातानं. दोघांनी मिळून एक तुळई उचलली. तेव्हाही तो बोलला नाही.

युद्धानंतर कॉलेजला राणीची सनद मिळाली, विद्यापीठ झालं. लाल विटा जुनाट वाटू लागल्या. मनोऱ्याच्या मागे काँक्रीट आणि काच उभी राहू लागली, पेटीवर पेटी ठेवावी तशी. त्यातली सगळ्यांत मोठी पेटी इंजिनिअरिंगची. तिला पैसा दिला सर ऑब्री फेनविकनी. स्वतःच्या वडिलांचा कारखाना त्यांनी युद्धात दसपट केला होता. उद्घाटनाला कुणातरी हुशार माणसाला आठवलं की ज्या बाईनं सर ऑब्रींचा जीव वाचवला ती अजून इथेच फरशा पुसते. तिच्या हातून त्यांना फुलं द्यायची ठरलं. वर्तमानपत्रात छान दिसेल.

"नाही म्हण," मी म्हटलं.

"का? फुलंच द्यायचीत. बघू तरी कसा झालाय." तिनं चॅपलचा काळा कोट घातला.

लॉर्ड होते, बिशप होता, प्राध्यापक झगे घालून बसले होते. सर ऑब्री उभे राहिले. पोट सुटलेलं, आवाज गोड. उचलली जीभ लावली टाळ्याला. "माझं या संस्थेशी नातं तसं धावपळीचं आहे," ते म्हणाले. लोक हसले. "सव्वीस साली मी ट्राम चालवत होतो. तसा ठीकच चालवत होतो. तर एक गृहस्थ रुळांवर उभे राहून मला असे असे हात करायला लागले." आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, फुली मारली, डोळे फिरवले. "मी सभ्य माणूस. मीही टोपी हलवली!" सगळा मांडव हसला. बिशपसुद्धा. हा विनोद त्यांनी किती जेवणांत सांगून घासला होता ते ऐकतानाच कळत होतं. "पुढे जे झालं त्यानंतर मला वाचवलं ते या बाईंच्या झाडूनं. या बाई, या."

केझी आत्या पुढे गेली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, जिथे पहार लागली होती नेमका तिथेच, आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. तिनं फुलं खाली टाकली आणि त्यांच्या जबड्यावर ठोसा मारला.

चापट नव्हे, ठोसा. चौसष्ट वर्षांच्या बाईचा. जबडा दोन ठिकाणी मोडला असं इस्पितळानं नंतर सांगितलं. ते उद्घाटनाच्या फितीवर पडले, फीत त्यांच्याबरोबर खाली आली, आणि कोनशिलेवर रक्ताचा सडा. ती थांबली नाही. ती त्यांच्या छातीवर गुडघा ठेवून बसली आणि दुसऱ्यांदा मारला. "तो ब्रेक लाव म्हणत होता!" ती ओरडत होती. "ब्रेक लाव म्हणत होता रे, नालायका!" चार प्राध्यापकांनी तिला ओढलं. एकाचा झगा फाटला. मी बशा टाकून धावले आणि सांगते, मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नाही.

पोलीस तिला घेऊन गेले, आणि बातमी माझ्या आधी टॅनर रोवर पोचली. मी बापाला सांगायला घरी आले तेव्हा गल्ली बाहेर आली होती. ज्यांनी मांजर फेकलं होतं ते केझीच्या दाराशी बिअर घेऊन उभे. जेबेझची म्हातारी विधवा केझीचा उंबरा घासत होती. मी कुणाशी बोलले नाही. बाप खुर्चीत बूट घालून तयार बसला होता.

"जामीन लागतो का?" त्यानं विचारलं.

"हो. घर असलेला माणूस लागतो."

"चल."

पोलीस ठाण्यात ती बाकावर बसली होती, हाताला ओलं फडकं गुंडाळून. बाप आत आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. ती त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हती. मला वाटतं तिला भीती वाटली, की आत्ताही हा बोलणार नाही.

"केझी," बाप म्हणाला.

तिनं डोळे मिटले. किती वर्षांनी तो तिचं नाव घेत होता.

"केझी, मी त्याला ठार मारणार होतो. कोर्टात सांगितलं ते खोटं. दोन कानाखाली वगैरे काही नाही. टेकडी चढतानाच ठरवलं होतं, पहिला घाव डोक्यात घालायचा."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तोंड बघितलं ना तुझं."

"तू हात मोडला नसतास तर मला फाशी झाली असती. ही फ्लॉरी पोरकी वाढली असती. मला तिथेच कळलं. खाली बसलो ना, तेव्हाच. तू त्याला नाही, मला धरून ठेवलं होतंस."

मला राहवलं नाही. "तेव्हाच कळलं? आणि तोंड शिवून बसलात? दर रविवारी ती उभी असायची! एक शब्द, बाबा!"

"बोलायचं तर हेच बोलावं लागलं असतं," बाप म्हणाला. "आणि भिंतीपलीकडे जेबेझची बायको होती. कसा बोलणार होतो?"

तो सरकत सरकत तिच्याजवळ आला आणि त्यानं वाकडा हात तिच्या फडक्यावर ठेवला. तिनं तो बाजूला केला. जोरात नाही. ताटातून नको असलेलं काढून ठेवावं तसा.

"मला वाटायचं तुला कळलंच नाही," ती म्हणाली. "मी म्हणायचे, माझा ईनॉक जरा मंद आहे, कळायला वेळ लागेल त्याला. कळलं की येईल. त्यावर काढली मी इतकी वर्षं. मेलेली मांजरं, दगड झेलत. तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं?"

ठाण्यातल्या सार्जंटनं कागद पुढे केला, म्हणाला, "ईनॉकराव, इथे सही करा, मग घेऊन जा बहिणीला."

केझी आत्या उठली. "सही नको," ती सार्जंटला म्हणाली. "तुमची कोठडी कुठे आहे? मला ह्याच्याबरोबर जायचं नाही."

सार्जंटनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे. बाप फरशीकडे बघत होता. सार्जंटनं भिंतीवरच्या किल्ल्या काढल्या.